कागदाचा शिंपी

कपडा अंगावर बसणार की लोंबणार, हे सुईच्या आधी कात्री ठरवते. टाका चुकला तर उसवता येतो. मुंढा खोल कापला गेला की कापडच वाया. युरोपात सदरे, चादरी, झबली घरोघरी शिवली जात. पण अंगाबरोबर बसणारा कोट बेतणं हे शिंप्याचं काम, आणि ते ज्ञान त्याच्या दुकानातून सहसा बाहेर पडत नसे.

पुस्तकं निघाली होती. 1580 साली माद्रिदमध्ये हुआन दे अल्सेगा या शिंप्याचं पुस्तक छापलं गेलं. त्यातल्या आकृत्या लहान आहेत. अमुक पन्ह्याच्या कापडात पाठ, पुढा, बाह्या कशा मांडल्या म्हणजे कापड वाचेल, हा त्याचा खरा विषय. त्यावरून घरी कपडा बेतायचा तर आधी शिंपीच असायला हवं! आणि मापं? 1769 मध्ये गार्सो या फ्रेंच लेखकानं शिंपीकामाचं वर्णन केलं आहे. त्यात आकडे नाहीत. गिऱ्हाइकाच्या अंगाला कागदाची पट्टी लावायची, छाती, कंबर, बाही जिथे संपेल तिथे कात्रीनं खाच मारायची. दर गिऱ्हाइकाची पट्टी वेगळी. इंचांची टेप रुळली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तिच्याबरोबर हिशेब आला: एकट्या छातीच्या मापावरून बाकीचं अंग काढायचं.

हा हिशेब नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

अमेरिकेत बायकांची मासिकं कपडा बेतायचे नमुने छापत, पण बहुधा एकाच मापाचे. 1867 मध्ये निघालेल्या ‘हार्पर्स बझार’च्या पुरवणीत तर एकाच कागदावर अनेक कपड्यांच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असत; त्यातून आपली बाही शोधायची म्हणजे रेल्वेच्या नकाशात आपलं गाव शोधण्यासारखं. न्यूयॉर्कमध्ये एलन डेमोरेस्ट ही बाई पातळ कागदाचे नमुने विकत होतीच. त्यामुळे कागदी नमुन्याचं सगळं श्रेय एबेनेझर बटरिकला देतात, ते मला पटत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंगच्या या शिंप्यानं 1863 मध्ये जे विकायला काढलं, त्यातली नवी गोष्ट कागद नव्हती, मापांची मालिका होती. तोच कपडा, लहान-मोठ्या क्रमानं. त्याच्या बायकोनं मुलाच्या मापाचा नमुना मिळत नाही अशी तक्रार केली, तिथून हे सुचलं, असं सांगतात. गोष्ट रचलेली असेलही; तक्रार मात्र घरोघरची होती.

कागद झिरझिरीत, म्हणजे घडी करून टपालानं पाठवता येई. त्यावर अक्षर छापलेलं नसे. भोकं आणि खाचा पाहून काय कशाला जोडायचं ते ओळखायचं. सिंगर कंपनीनं 1856 पासून शिवणयंत्रं हप्त्यांनी द्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे यंत्र घरात येऊ लागलं होतं. आता कापणाराही टपालानं आला.

फक्त हा शिंपी गिऱ्हाइकाला कधी पाहत नसे. बायकांनी छातीच्या मापावर नमुना मागवायचा, मुलांसाठी वयावर. छत्तीस छातीच्या दोन बायका शेजारी उभ्या करा: एकीचे खांदे उतरते, दुसरीची पाठ रुंद. कागद दोघींना एकच. मग उरलेलं शिंपीपण शिवणारीनं शिकायचं. आधी मांजरपाटाचा कच्चा कपडा शिवून अंगावर टाचण्या लावायच्या. नमुन्याची उंची जास्त असेल तर कागदाला आडवी चुणी घालायची, कमी असेल तर तो आडवा कापून मधे पट्टी चिकटवायची. फिटिंग नावाची घरगुती विद्या त्या कागदाच्या उणिवेतून वाढली.

आपल्याकडे तयार नमुन्यापेक्षा शिवणक्लास रुजला. तिथे ब्राउन पेपरवर पेपर कटिंग स्वतःच काढायचं: छातीचा चौथा भाग, गळ्याला बारावा भाग. म्हणजे हिशेब तोच जुना, छातीवरून अंग काढण्याचा. पण डोळ्यांसमोर गिऱ्हाईक असतं. म्हणून ब्लाउज शिकवणाऱ्या बाई सूत्र लिहून देतात आणि वर खांदा, मुंढा, दंडघेर टेपनं वेगळे मोजायला लावतात. आणि पहिल्या ब्लाउजला बाजूच्या शिवणीत माया जास्त सोडायला सांगतात.