पवनचक्कीतील संमिश्र द्रव्ये

वाऱ्याच्या गतिज ऊर्जेपासून वीज निर्माण करणाऱ्या पवनचक्कीचा मनोरा व दंतचक्रे बहुधा पोलादाची आणि पाती ज्यात बसवितात तो तुंबा ओतीव लोखंडाचा असला, तरी पाती, तुंब्यावरील टोपण आणि माथ्यावरील यंत्रघराचे आवरण हे भाग तंतू व रेझीन यांच्या संयोगातून सिद्ध होणाऱ्या संमिश्र द्रव्यांचे करण्याचा प्रघात आहे. यांपैकी टोपण व आवरण यांचे काम मुख्यतः ऊन, वारा व पाऊस अडविण्याचे असल्याने त्यांना काचतंतू व पॉलिएस्टर पुरते. द्रव्याची खरी कसोटी लागते ती पात्यात.

भार : मिळणारी ऊर्जा पात्याच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, परंतु पाते सर्व अंगांनी प्रमाणशीर मोठे केल्यास त्याचे वजन घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून लांबी वाढविण्याचा प्रत्येक प्रयत्न हा वजनाशी झगडा ठरतो. शिवाय दर फेऱ्यात स्ववजनाचा ताण पात्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जातो, आणि वीस वर्षांच्या मुदतीत ही उलटापालट सुमारे १० कोटी वेळा घडते. धातूंचा घात करणारा शिणवटा तो हाच.

घटक : भार वाहण्याचे काम तंतू करतात, तर त्यांना जागच्या जागी धरून भार एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचविण्याचे काम इपॉक्सी किंवा पॉलिएस्टर रेझीन करते. एकाच दिशेने तंतू बसविलेल्या काचतंतू संमिश्राची घनता पोलादाच्या सुमारे चतुर्थांश असते. परंतु ताठरताही पंचमांशाच्या आसपास असल्याने वजनाच्या हिशेबाने ते पोलादाहून ताठर ठरत नाही. त्याचे श्रेष्ठत्व वजनाच्या मानाने असणाऱ्या बळात, शिणवटा सोसण्याच्या शक्तीत आणि हवा तो वक्र आकार साच्यात घेण्याच्या गुणात आहे. पाते फार लांब झाले, की सोसाट्याच्या वाऱ्यात ते वाकून मनोऱ्यावर आदळू नये ही चिंता बळाच्या चिंतेहून मोठी होते, आणि तेथे महाग परंतु तिपटीने ताठर अशा कार्बन तंतूंची तजवीज करावी लागते.

रचना व निर्मिती : पाते आतून पोकळ असते. त्याच्या लांबीभर जाणाऱ्या तुळईच्या वरच्या व खालच्या पट्ट्यांत तंतू लांबीच्या दिशेने असतात. बाह्य कवचात ते तिरपे बसविलेले असल्याने पीळ सोसला जातो. आणि कवचाच्या रुंद भागांत दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लॅस्टिकचा फेस घालून वजन फारसे न वाढविता जाडी साधली जाते. कोरड्या कापडाचे थर साच्यात रचून, वर हवाबंद पडदा पसरून आतील हवा शोषून घेतात व त्या निर्वातात रेझीन ओढले जाते. दोन अर्धी कवचे बहुधा स्वतंत्र साच्यांत करून नंतर डिंकासारख्या चिकट द्रव्याने जोडतात. हा सांधा आणि तुंब्याशी होणारा मुळाकडचा बोल्टांचा जोड ही पात्याची नाजूक स्थाने होत. नव्या नमुन्याचे पूर्ण आकाराचे पाते चाचणीगृहात मुळाशी जखडून, प्रथम स्थिर भाराने वाकवून व नंतर महिनोन्‌महिने हालवून पारखले जाते.

इतिहास : अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात १९४१ साली उभारलेल्या १.२५ मेगॅवॉटच्या स्मिथ-पटनम पवनचक्कीची पाती पोलादी होती. २६ मार्च १९४५ रोजी त्यांतील एक मुळाशी तुटून पडले व तो प्रयोग संपला. ग्लायडर विमानांच्या रचनेत मुरलेले उलरिख ह्यूटर यांनी १९५७ साली जर्मनीत ३४ मीटर व्यासाच्या, १०० किलोवॉटच्या यंत्राला काचतंतूंची पाती बसविली, आणि तंतू न तोडता ते बोल्टांच्या नळकांड्यांभोवती वळवून परत नेण्याची युक्ती योजून मुळाच्या सांध्याचा प्रश्न सोडविला. डेन्मार्कमधील ट्विंड येथे शिक्षक, विद्यार्थी व स्वयंसेवक यांनी १९७८ साली पूर्ण केलेल्या ५४ मीटर व्यासाच्या पवनचक्कीत हीच रीत अवलंबिली गेली. त्याच वर्षी पाती करू लागलेला, मूळचा लाकडी सामानाचा एक डॅनिश कारखाना पुढे एलएम या नावाने ख्यात झाला. त्याच्याच फ्रान्समधील शेरबूर येथील शाखेत २०१९ साली १०७ मीटर लांबीचे पाते तयार झाले.

दोष व निगा : मोठ्या यंत्रांत पात्याचे टोक सेकंदाला ८० मीटरच्या आसपास वेगाने फिरते, तेव्हा पावसाचे थेंबही पुढच्या कडेला खरवडून काढतात. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे यांसारख्या पठारांवर जोराचा वारा व पाऊस यांचा हंगाम एकच असल्याने या झिजेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. त्यासाठी कडेवर पॉलियुरेथेनचा लेप किंवा पट्टी लावतात. विजेच्या आघातापासून रक्षणार्थ टोकाजवळ धातूचे ग्राहक बसवून पात्याच्या पोटातून तुंब्यापर्यंत वाहक तार नेलेली असते. कार्बन तंतू स्वतःच विद्युत्‌वाहक असल्याने तशा पात्यांत ही व्यवस्था अधिक जिकिरीची होते.

विल्हेवाट : एकदा घट्ट झालेले इपॉक्सी वितळत नाही, त्यामुळे मुदत संपलेल्या यंत्राचे पोलाद व तांबे भंगारात खपते, पाती मात्र अमेरिकेत पुष्कळदा जमिनीत पुरली जातात. जर्मनीत त्यांचे तुकडे सिमेंटच्या भट्टीत घालतात, जेथे रेझीन जळण म्हणून व काच कच्चा माल म्हणून उपयोगी पडते. सौम्य आम्लात सुटे होणाऱ्या रेझिनाची पाती २०२२ साली उत्तर समुद्रातील कास्कासी पवनक्षेत्रात प्रथम बसविण्यात आली. तथापि आजवर उभारलेली बहुसंख्य पाती जुन्या पद्धतीची असल्याने, ज्या टिकाऊपणास्तव हे द्रव्य पत्करले गेले, तोच त्याच्या विल्हेवाटीतील मुख्य अडसर राहिला आहे.