घोडा आणि चाप

परवा टीव्हीवर एक जुना वेस्टर्न लागला होता. धुळीत समोरासमोर उभे ठाकलेले दोघे, आणि गोळी झाडायच्या आधी अंगठ्याने केलेला तो 'खट्' आवाज. भाचा म्हणाला, "मामा, हा दर वेळी असं काय करतो? पोलिसांच्या पिक्चरमध्ये तर नुसतं दाबतात." लहानपणी मी हाच प्रश्न काकांना विचारला होता. काका पोलिसात होते.

मुळात आपल्याकडे शब्दांचाच घोळ आहे. 'घोडा दाबला' म्हणतो तेव्हा आपण दाबतो तो चाप. घोडा म्हणजे मागची खुंटी, जी पुढे आपटली की गोळी उडते. सिंगल ॲक्शनमध्ये चापाला एकच काम असतं, चढलेला घोडा सोडायचा. चढवायचा तो आपण, अंगठ्याने. डबल ॲक्शनमध्ये एकाच ओढीत चाप घोडा चढवतोही आणि सोडतोही. (डबल म्हणजे एकदम दोन गोळ्या, अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती. असो.)

यावरून १८५१ मध्ये लंडनच्या भव्य प्रदर्शनात चांगलीच जुंपली होती. एकीकडे अमेरिकेचा सॅम्युएल कोल्ट, त्याचं रिव्हॉल्व्हर सिंगल. अंगठ्याचे कष्ट आहेत, पण चाप हलका, त्यामुळे नेम हलत नाही. दुसरीकडे इंग्रज रॉबर्ट ॲडम्स. त्याच्या घोड्याला अंगठा लावायला जागाच नव्हती! नुसता चाप ओढत राहायचा. गर्दीच्या हातघाईत हे सोयीचं, पण जड चाप ओढताना नळी डुलते. दोघांचंही म्हणणं खरंच होतं. शेवटी १८५६ मध्ये ब्यूमाँट नावाच्या इंजिनिअर पलटणीतल्या लेफ्टनंटने ॲडम्सच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दोन्ही सोयी बसवल्या, आणि ब्रिटिश सैन्याने ते घेतलं. कोल्टने १८५३ मध्ये लंडनला काढलेला कारखाना तीन-चार वर्षांतच गुंडाळला. अमेरिकन सैन्याने मात्र १८७३ मध्येही कोल्टचं सिंगलच घेतलं. वेस्टर्नमधलं ते हेच, 'पीसमेकर'. शांतिदूत! नाव ठेवणाऱ्याला दंडवत.

काकांच्या सर्व्हिस रिव्हॉल्व्हरमध्येही दोन्ही सोयी होत्या. घोडा चढवलेला असला की चापाला साधारण दीड-दोन किलोचा जोर पुरतो, नसला तर पाच-सहा किलो लागतो. सरावाला काका घोडा चढवून मारत. समोर माणूस असताना कधीच नाही.

पस्तीस वर्षांच्या नोकरीत तशी वेळ एकदाच आली. रात्रीची गल्ली, समोर कोयता घेतलेला पोरगा, जेमतेम विशीतला. काकांनी चाप ओढायला सुरुवात केली. घोडा निम्मा वर आला, आणि पोराच्या हातून कोयता पडला. काकांनी बोट सैल सोडलं. घोडा होता तसा खाली बसला.

"आणि आधीच चढवलेला असता तर?" मी विचारलं होतं.

"तर तो उतरवायला अंगठ्यात घट्ट धरून चापच ओढावा लागतो. आणि माझा हात तेव्हा लटपटत होता."

हे सांगताना त्यांनी उजव्या हाताचं बोट हळूच अर्धं दुमडलं आणि परत सरळ केलं. भाच्याला मी तेवढंच करून दाखवलं.