सागाची रांग आली कुठून?

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्याचं जंगल २०१८ साली देशभर गाजलं ते नरभक्षक ठरवलेल्या टी-१ वाघिणीमुळे. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली आणि कॅमेरे परतले. ती ज्या झाडांमधून हिंडत होती, त्यांचा विषय तेव्हाही निघाला नाही.

या पट्ट्यातल्या रोपवनात साग शिस्तीत उभा असतो. लगतच्या जुन्या जंगलात तोच साग धावडा, ऐन, मोह, तेंदू, चारोळी, बेहडा, लेंडिया यांच्या दाटीत भेटतो. साग इथलाच, रांग बाहेरून आली.

तिचं मूळ जर्मनीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या संस्थानांना जंगलाचं उत्पन्न आधीच मोजून हवं होतं. एका जातीची, एका वयाची झाडं मोजायला सोपी, म्हणून मिश्र वनं तोडून सूचिपर्णी स्प्रूस लावला गेला. त्याच देशातले डिट्रिख ब्रँडिस १८५६ मध्ये ब्रह्मदेशात पेगूच्या सागवनावर नेमले गेले आणि १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. लागवडीचा सागही तोवर सुरू झाला होता. मलबारचा कलेक्टर कॉनली याने १८४० च्या दशकात जहाजांच्या लाकडासाठी निलांबूरला साग लावला होता. प्रत्यक्ष काम पाहिलं ते चाथू मेनन यांनी.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात आलं. त्यातला आजचा यवतमाळ जिल्हा नंतर काही काळ वणी जिल्हा म्हणून ओळखला जात होता. पुढे रेल्वे आली आणि इमारती लाकडाची भूक वाढली. गंमत अशी, की जर्मनीतच कार्ल गायर या प्राध्यापकाने १८८६ मध्ये मिश्र वनाची बाजू मांडणारं पुस्तक लिहिलं. वादळ आणि किडीपुढे एकजिनसी वनं कशी कोसळतात, हे तिथे दिसू लागलं होतं. रांग इकडे पोहोचली, तो इशारा मागे राहिला.

महाराष्ट्रात रांगेला खरा वेग आला तो वनविकास महामंडळ स्थापन झाल्यावर, १९७४ नंतर. राष्ट्रीय कृषी आयोगानेही १९७६ मध्ये कमी किमतीची मिश्र जंगलं काढून मोलाची झाडं लावण्याचा सल्ला दिला. किंमत कुणाच्या दृष्टीने कमी? कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या बाईसाठी मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मग चारोळी, मे महिन्यात तेंदूपान, शिवाय धावड्याचा डिंक, असं ते टप्प्याटप्प्याने येणारं उत्पन्न होतं. लाकूडडेपोच्या हिशेबात ते कुठे बसणार?

तोटा झाडांनाही झाला. पावसाळ्यात अळ्या सागाची पानं खातात. काही तर शिरा तेवढ्या ठेवून पानाची जाळी करतात. सगळीकडे सागच असेल तर त्यांना थांबवणारं मध्ये काही नसतं. सागाच्या रुंद पानावरून पावसाचे टपोरे थेंब पडतात आणि खाली झुडूप-गवत नसेल तर माती सैल करतात. उन्हाळ्यात वाळलेल्या पानांचा थर वणव्याला सापडतो. मिश्र वनात मुळं वेगवेगळ्या खोलीवर जातात, पानं वेगवेगळ्या वेळी गळतात, शिसमसारखं शेंगवर्गीय झाड मातीला नत्र देतं. चीनच्या जिआंग्शी प्रांतात याचा मोठा प्रयोग झाला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आठ वर्षांनी १६ जातींच्या मिश्र लागवडीत एकजातीय लागवडीच्या सरासरीपेक्षा दुपटीहून जास्त कार्बन साठला होता.

तरी वाटेल ती झाडं वाटेल तशी मिसळून भागत नाही. सागाला ऊन हवं, आणि हळू वाढणारा सोबती त्याच्या सावलीत खुरटतो. कोण कुणाशेजारी आणि विरळणी कधी, हे ठरवावं लागतं. महाराष्ट्र सरकारच्या २०१९ च्या ३३ कोटी वृक्षलागवडीत बोलबाला आकड्याचाच होता, आणि आकड्यासाठी सोपं झाड लागतं.

साग तसा सोपा आहे. रोपवाटिकेत त्याची जडी, म्हणजे रोपाचा छाटलेला खोड-मुळाचा तुकडा, तयार करायची, पोत्यात भरून न्यायची, पहारीने भोक पाडून लावायची. मोहाचं बी मात्र पडल्यावर थोड्याच दिवसांत उगवण्याची ताकद गमावतं. ते पावसाच्या तोंडावर गोळा करून लगेच पेरावं लागतं. म्हणजे राळेगावच्या जंगलात मोह परत लावायचा, तर जूनमध्ये झाडाखाली बी वेचायला माणसं हवीत आणि त्यांची मजुरी त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात आधीच धरलेली हवी.