घटिकापात्र

एखाद्याची घटका भरली असे आपण म्हणतो, तेव्हा बुडाशी बारीक छिद्र पाडलेली तांब्याची अर्धगोल वाटी कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. परंतु सूर्यसिद्धान्ताने ज्याला कपालयंत्र म्हटले आणि आपल्या जोश्यांनी घटिकापात्र म्हणून जपले, ते यंत्र एवढेच होते. घंगाळातील स्वच्छ पाण्यावर ते अलगद सोडावे, छिद्रावाटे भरत भरत ते तळाशी गेले की घटका, म्हणजे आजची २४ मिनिटे, पुरी व्हावी, आणि अहोरात्रात ते ६० वेळा बुडावे, असा त्याचा हिशेब होता.

यंत्र साधे खरे, पण त्याची चाकरी कठीण. छिद्रात कचरा अडकला तर काळच लांबणार. शिवाय बुडालेले पात्र तत्क्षणी उचलून, रिते करून पुन्हा सोडण्यास रात्रभर माणूस जागा हवा. म्हणून शहरोशहरी या कामावर घडियाली मुक्रर असत, असे बाबराने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. परातीएवढी, दोन बोटे जाडीची पितळी थाळी टांगून ते घटकांचे टोले देत. परंतु रात्री जाग आलेल्याला प्रहर कोणता हे त्यावरून उमगत नसे, म्हणून घटकांच्या टोल्यांमागून प्रहराचेही टोले द्यावेत, असा हुकूम बाबराने फर्मावला. निजलेल्या रयतेची ही अडचण ज्याच्या ध्यानी आली, त्याच्या दृष्टीची सूक्ष्मता मला त्याच्या लढायांहून अधिक मोलाची वाटते.

आपल्याकडे हे पात्र विशेषेकरून टिकले ते लग्नमंडपात. गोरज मुहूर्ताची घटका साधावी म्हणून जोशीबुवा घंगाळापाशी दृष्टी लावून बसत, आणि पात्र बुडाल्याची खूण होईतो अंतरपाट दूर होत नसे. भास्कराचार्यांच्या लीलावतीचा मुहूर्त पात्रात मोती पडून छिद्र बुजल्याने टळला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ती आचार्यांच्या ग्रंथात मात्र नाही, लीलावतीच्या १५८७ च्या फैजीकृत फारसी भाषांतराने ती प्रसृत केली.

पुढे लंबकाची आणि कमानीची यंत्रे आली व घंगाळे माळ्यावर गेली, तरी नव्या यंत्रालाही आपण घडीवरून घड्याळच म्हटले. इंग्रजी कालमानाच्या भागाला दिलेले तास हे नावही मूळचे फारसीतील भांड्याचे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने फिरोजाबादेस बसविलेल्या कालयंत्राला तास-घडियाल म्हणत, आणि मराठीत टोले देण्याची थाळीही तासच होती. त्या थाळीच्या नावाने आज आपण जो काळ मोजतो, तो बरोबर अडीच घटकांचा आहे.