नोंदींची नाती : चंद्रमोहिमेपासून जँगोपर्यंत (धागा)

१/ बातमीदाराची नोंद संगणकातून पुसली, तर त्याने लिहिलेल्या बातम्यांचे काय व्हावे? प्रश्न तांत्रिक वाटतो; परंतु ज्यांचे शास्त्रच नोंदींवर उभे आहे, त्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तो परका नसावा. नोंदींमधील नाती कशी मांडावीत, या विचाराचा हा धावता इतिहास.

२/ १९६६ साली अपोलो मोहिमेतील असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी आयबीएमने भागीदार कंपन्यांसह एका प्रणालीचे काम आरंभिले. हीच पुढे आयएमएस म्हणून प्रसिद्ध झाली. तिची रचना वंशवृक्षासारखी होती : प्रत्येक अपत्याला एकच पालक. मग एकच बोल्ट दोन यंत्रांत लागत असेल तर? निखळ वृक्षरचनेत त्याची नोंद दोनदा करावी लागे. शिवाय पालक पुसला, की त्याखालची सारी शाखा नष्ट होई.

३/ त्याच दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाखमन यांनी वेगळा मार्ग चोखाळला. त्यांच्या आयडीएस प्रणालीत एक नोंद अनेक साखळ्यांत गुंफता येई. मात्र हवी ती माहिती गाठण्यासाठी प्रोग्रामरला कडीकडीने वाट काढावी लागे. १९७३च्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात बाखमन यांनी त्याला ‘नाविक’ म्हटले, ते याच अर्थाने.

४/ ही वाटच नको, असे एडगर कॉड यांचे म्हणणे. १९७०च्या त्यांच्या निबंधात माहिती साध्या तक्त्यांत मांडलेली आहे. एका तक्त्यातील ओळ दुसऱ्यातील ओळीचा निर्देश केवळ मूल्याने करते. तीच ‘फॉरेन की’. एक गैरसमज येथेच दूर करू : ‘रिलेशनल’ या नावातील ‘रिलेशन’ म्हणजे दोन तक्त्यांमधील नाते नव्हे. गणितातील त्या संज्ञेनुसार तक्ता हाच ‘रिलेशन’ होय.

५/ १९७६ साली पीटर चेन यांनी नात्यालाच आकृतीत स्थान दिले. वस्तू चौकटीत, नाते समभुज चौकोनात आणि रेषेवर १, एन, एम ही अक्षरे : एकास एक, एकास अनेक, अनेकांस अनेक. आजही महाविद्यालयांत हीच आकृती शिकवतात.

६/ जँगो ही वेब फ्रेमवर्क अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत घडली आणि जुलै २००५मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिच्या दस्तऐवजांतील उदाहरणांतही वृत्तपत्र डोकावते. एका बातमीदाराच्या अनेक बातम्या, म्हणून बातमीत ‘फॉरेन-की’. एक बातमी अनेक प्रकाशनांत, म्हणून ‘मेनी-टू-मेनी’. त्यासाठी जँगो मध्ये तिसरा जोडतक्ता आपोआप उभा करते.

७/ आता पहिला प्रश्न. जँगोत प्रदीर्घ काळ न सांगताच असे घडे, की बातमीदाराची नोंद पुसली तर त्याच्याशी जोडलेल्या बातम्याही पुसल्या जात. वंशवृक्षाचाच जुना नियम! डिसेंबर २०१७च्या २.० आवृत्तीपासून मात्र निर्णय स्पष्ट लिहिणे बंधनकारक झाले : सोबत पुसावे, पुसण्यास मज्जाव करावा, की बातमी राखून लेखकाची जागा रिक्त ठेवावी?

८/ तिसऱ्या पर्यायात निनावी साधन मागे उरते, पहिल्यात साधनच उरत नाही. उद्याचा इतिहासकार आजच्या डेटाबेसमधून पुरावे शोधील, तेव्हा त्याच्या हाती काय लागेल हे कोणा प्रोग्रामरने लिहिलेल्या त्या एका ओळीने आधीच ठरविलेले असेल. दप्तरांचे डिजिटायझेशन करणाऱ्या मित्रांनी ती ओळ एकदा अवश्य तपासावी.

(धागा समाप्त)