सांगितलेले आणि ऐकलेले

छोटे विमान उडवणारा माणूस बहुतेक वेळा एकटा असतो. वारा, इंधन, नकाशा, इंजिनाचा आवाज आणि रेडिओ, सगळीकडे त्यालाच लक्ष द्यावे लागते. त्याच्याशी बोलणारा नियंत्रक टॉवरमध्ये किंवा रडारसमोर बसलेला असतो आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर त्याला इतर विमानेही सांभाळायची असतात. दोघांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत. एकाने बटण दाबले की त्याचे बोलणे संपेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचे, आणि दोघे एकदम बोलले तर इतरांच्या कानावर नुसती किंचाळी पडते. इतक्या अरुंद वाटेने रोज असंख्य सूचना सुखरूप ये-जा करतात. त्यातली एखादी कुठे आणि कशी अडखळते, याचा शोध घेणारा अभ्यास म्हणजे वैमानिक आणि नियंत्रक यांच्या संवादाचा अभ्यास.

अपघातानंतर दोषी कोण, हा प्रश्न सगळेच विचारतात. या विषयातल्या मंडळींनी, जे घडता घडता राहिले तेही तितक्याच आस्थेने जमवले. 1976 पासून अमेरिकेत नासा ही संस्था वैमानिक आणि नियंत्रक यांच्याकडून स्वेच्छेने आलेले अहवाल नावे काढून जतन करते. सुरुवातीच्या हजारो अहवालांचा 1981 साली अभ्यास झाला, तेव्हा त्यांतल्या 70 टक्क्यांहून अधिक घटनांत माहिती एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचण्यातच काहीतरी बिघडले होते, असे दिसले. माणसांनी आपल्या चुका इतक्या मोकळेपणाने सांगाव्यात आणि त्यांतून इतरांचे प्राण वाचावेत, अशी उदाहरणे इतर व्यवसायांत फार नाहीत. या विषयाविषयी मला वाटणारा अभिमान त्यातूनच आला आहे.

नव्या वाचकांनी सुरुवात ‘रीडबॅक’पासून करावी. नियंत्रकाने दिलेली सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवायची आणि ती बरोबर आहे ना, हे नियंत्रकाने ऐकायचे. पद्धत साधी, पण तिचा दुसरा अर्धा भाग नाजूक आहे. समजा, नियंत्रकाने दिशा, उंची आणि नवी फ्रिक्वेन्सी एका दमात सांगितली. वैमानिकाने तिन्ही गोष्टी परत म्हटल्या, फक्त उंचीचा एक आकडा बदलला. नियंत्रकाची नजर तोवर पुढच्या विमानाकडे वळलेली असते आणि त्याच्या कानाला अपेक्षित आकडाच ऐकू येतो. दोघेही प्रामाणिक, दोघेही निश्चिंत आणि दोघांच्या मनात वेगवेगळी उंची!

काही वेळा मात्र प्रत्येक शब्द नीट ऐकू येऊनही संवाद फसतो. 9 जून 2016 रोजी ह्यूस्टनच्या हॉबी विमानतळावर सिरस जातीचे एक छोटे विमान उतरू पाहत होते. त्याच विमानतळावर जेट विमानांची ये-जा चालू होती. मागून वेगाने येणाऱ्या जेटसाठी छोट्या विमानाला बाजूला व्हायला सांगितले गेले, धावपट्टी बदलली गेली, पुढचे प्रयत्न विमान फार उंचावर असल्याने सोडावे लागले. सूचनांमागून सूचना येत होत्या आणि वैमानिक महिला त्यांना शांतपणे उत्तर देत होती. अखेर पुन्हा वर जाताना, पुरेसा वेग येण्याआधीच, कमी वेगात पंखांना आधार देणारे फ्लॅप्स मिटले गेले आणि विमान कोसळले; तिघे गेले. चौकशी अहवालाने मुख्य कारण विमान हाताळण्यातली ही चूक ठरवली, पण एवढ्यावर तो थांबला नाही. ऐन कठीण क्षणी नियंत्रकाने दिलेली अनावश्यक गुंतागुंतीची सूचना आणि वैमानिकेने ठामपणे आपली अडचण न सांगणे, या दोन्हींची नोंद त्यात आहे. ‘जमणार नाही’ असे म्हणण्याचा वैमानिकाला पूर्ण अधिकार असतो. तो वापरणे इतके अवघड का जाते, हा प्रश्न माझ्या मते या साऱ्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे.

टॉवरच नसेल तर काय होते, हे इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी विमानतळाने 19 नोव्हेंबर 1996 रोजी दाखवले. उतरणाऱ्या प्रवासी विमानाने आडव्या धावपट्टीवरच्या किंग एअर विमानाला, थांबणार ना, असे विचारले. उत्तर दिले त्याच्या मागे उभ्या असलेल्या छोट्या चेरोकीच्या नवख्या वैमानिकाने. त्याच क्षणी प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये उंची सांगणारा यांत्रिक आवाज झाला आणि उत्तराचा मधला भाग झाकला गेला. उतरणाऱ्यांनी ते किंग एअरचेच आश्वासन मानून आभार मानले. किंग एअर निघाले, दोन्ही विमाने धावपट्ट्यांच्या छेदावर आदळली आणि 14 जण मृत्युमुखी पडले.

अशा संभाषणांच्या नोंदी वाचकांनी दोनदा वाचाव्यात. पहिल्यांदा वैमानिकाच्या जागी बसून, त्याला जेवढे ऐकू आले तेवढेच धरून. दुसऱ्यांदा नियंत्रकाच्या जागी. चौकशीचा निष्कर्ष शेवटी वाचा, कारण तो आधी कळला की प्रत्येक वाक्य अपघाताकडे जाताना दिसू लागते. विमानविद्येचे गणित येत नसले तरी अडणार नाही. मराठी घरांतली मुलेमुली आज गोंदियाला किंवा परदेशी उड्डाण शिकतात आणि आयुष्यातले पहिले रेडिओ-संभाषण इंग्रजीत करतात. त्यांच्या पालकांनाही हे वाचन जवळचे वाटेल. अमेरिकेत नवख्याने पहिल्याच संपर्कात आपण विद्यार्थी वैमानिक असल्याचे सांगावे, असा अधिकृत सल्ला आहे. तेवढ्याने नियंत्रक सावकाश बोलतो, सूचना तोडून देतो. हा छोटासा सल्ला कसा उपयोगी पडतो, तिथूनच तुम्ही वाचायला सुरुवात केलीत तरी चालेल.