तरफ, काडतूस आणि भरवसा

७ जून १९४३ रोजी कऱ्हाड तालुक्यातील शेणोली स्थानकाजवळ रुळांवर दगड रचून एक आगगाडी अडवण्यात आली. गाडीत सरकारी पगाराची रक्कम होती. अडवणारे तरुण प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे होते. त्यांचे नेतृत्व जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ या नावाने ओळखले जाणारे रामचंद्र लाड करीत होते. त्यांच्या हातांत मुख्यत: विळे, कोयते, काठ्या आणि थोडे गावठी बॉम्ब होते. बंदूक होती ती गाडीवरच्या पहारेकऱ्याकडे. तरीही रक्कम हाती आली.

ही हकिकत शिकवताना विद्यार्थी हमखास विचारतात, की यांच्याजवळ चांगल्या रायफली असत्या तर? प्रश्न योग्य आहे. पण त्यातला ‘चांगली’ हा शब्द तपासून पाहायला हवा, असे आम्हांला वाटते. चांगली म्हणजे लांब मारा करणारी, की दर वेळी न अडता चालणारी? एकट्यादुकट्या माणसाला दुसरा गुण अधिक मोलाचा. या गुणाचा अभ्यास करण्यासाठी थोडा वेळ साताऱ्याहून अमेरिकेत जाऊ.

तेथे १८७३ साली विंचेस्टर कंपनीने एक रायफल बाजारात आणली. तिच्या चापाभोवतीची कडी ही खरी तर एक तरफ होती. ती खाली ओढून पुन्हा वर आणली, की रिकामे काडतूस बाहेर पडे आणि नवे नळीत बसे. नळीखालच्या दुसऱ्या नळीत १५ काडतुसे एकामागे एक राहत. काडतूस आखूड होते. गोळीचा व्यास सुमारे ०.४३ इंच, वजन २०० ग्रेन म्हणजे १३ ग्रॅम, आणि बंदुकीची दारू ४० ग्रेन. १८७८ पासून कोल्ट कंपनीने याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हर काढले. टॉर्च आणि ट्रान्झिस्टर या दोन्हींना एकाच मापाचे सेल चालावेत, तशी ही सोय झाली. कमरेचे आणि खांद्यावरचे हत्यार एकाच पट्ट्यातल्या काडतुसांवर चालू लागले.

अशा लहान काडतुसाची रायफल भरवशाची का ठरली? पहिले कारण दाबाचे. काडतुसाच्या बुडावर पडणारे बल म्हणजे वायूचा दाब गुणिले बुडाचे क्षेत्रफळ. विंचेस्टरमध्ये हे बल गुडघ्यासारख्या जुळणाऱ्या दोन पट्ट्यांवर येत असे. ही रचना फार बळकट नव्हती. पण दाब बेताचा असल्याने तेवढी पुरे. दुसरे कारण पितळाचे. दारू पेटताच काडतुसाचे पातळ तोंड फुगून नळीच्या भिंतीला चिकटते आणि धूर मागे येऊ देत नाही. काळ्या दारूच्या ज्वलनातून निम्म्याहून अधिक पदार्थ घनरूपात, म्हणजे काजळी आणि क्षार म्हणून उरतात, हे लक्षात घेतले की या बुचाचे महत्त्व कळते. दाब ओसरताच पितळ किंचित आकसते, आणि काडतूस पुढे निमुळते असल्याने चटकन सुटते.

तुलनेसाठी त्याच काळातील ब्रिटिश सैन्याची मार्टिनी-हेन्री रायफल पाहा. तीही तरफेनेच उघडे, पण एका वेळी एकच काडतूस घेई. तिच्या काडतुसात ८५ ग्रेन दारू आणि ४८० ग्रेनची गोळी असे; कवच मात्र गुंडाळलेल्या पातळ पितळी पत्र्याचे होते. नळी तापली, धूळ बसली, की ते आत अडकून बसे. १८८५ साली सुदानच्या लढाईत याच्या इतक्या तक्रारी आल्या, की पुढे सलग ओढून केलेले भक्कम कवच वापरात आणावे लागले. रायफल तीच राहिली, काडतूस बदलले आणि भरवसा वाढला.

याचा अर्थ पिस्तुलाचे कोणतेही काडतूस रायफलीत चालेल असा मात्र नाही. कोल्टच्याच ०.४५ इंची काडतुसाची बुडाकडची कडा त्या काळी फार अरुंद होती. रिव्हॉल्व्हरमध्ये रिकामे काडतूस पुढून सळईने ढकलत, म्हणून तिथे काही बिघडत नसे. रायफलीत ते आकड्याने मागे खेचावे लागते. आकड्याला धरायला कडाच पुरेशी नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात त्या काडतुसाची विंचेस्टर निघाली नाही. लांबीचेही तसेच. १८७३ च्या रायफलीत एक ठोकळा काडतूस वर उचलतो. काडतूस ठरलेल्या मापाहून फार आखूड असेल तर मागच्या काडतुसाची कडा ठोकळ्यात घुसते आणि सारे अडते. थोडक्यात, भरवसा हा एकट्या बंदुकीचा गुण नाही, बंदूक आणि काडतूस या जोडीचा आहे.

आता थोडे गणित करू. दर गोळीमागे सहा क्रिया धरा: काडतूस ठोकळ्यावर येणे, वर उचलले जाणे, नळीत शिरणे, उडणे, मागे खेचले जाणे आणि बाहेर पडणे. १५ गोळ्यांच्या ९० क्रिया झाल्या. प्रत्येक क्रिया १०० पैकी ९९ वेळा बिनचूक होत असेल, तर सगळ्या १५ गोळ्या न अडता उडण्याची शक्यता ०.९९ चा ९० वा घात, म्हणजे जेमतेम ४० टक्के. प्रत्येक क्रिया १००० पैकी ९९९ वेळा बिनचूक झाली तर तीच शक्यता ९१ टक्के होते. ‘नव्याण्णव टक्के ठीक’ ही शाबासकी साखळीत किती तोकडी पडते पाहा.

या साखळीची सर्वांत बाहेरची कडी म्हणजे काडतुसाचा पुरवठा. इंग्रज सरकारने ती ओळखली होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात खासगी वापरासाठी ०.४५० इंची काडतुसावर बंदी आली. हेतू हा, की मार्टिनी-हेन्री बंडखोरांच्या हाती लागली तरी तिला खाद्य मिळू नये. पुढे ईशापूरच्या कारखान्यात ली-एन्फील्ड रायफलींच्या नळ्या ०.४१० इंचापर्यंत गुळगुळीत करून त्या पोलीस आणि पहारेकऱ्यांना दिल्या गेल्या. त्या एका वेळी एकच काडतूस घेत, आणि लष्कराचे ०.३०३ काडतूस त्यांत चालू नये अशी योजना होती. विंचेस्टरने काडतूस समान करून मालकाचा भरवसा वाढवला. सरकारने काडतूस वेगळे करून बंदूक हिसकावणाऱ्याचा भरवसा काढून घेतला. तत्त्व एकच, वापर उलटा.

२४ जुलै १९४३ रोजी सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊन तट ओलांडून निसटले. पाठलाग झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मे झाले, दादांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. हिसकावलेल्या बंदुकीबरोबर हाती येतात ती फक्त पहारेकऱ्याच्या पट्ट्यातली काडतुसे. पाठलाग करणाऱ्यांच्या मागे मात्र सारे कोठार उभे असते.

पिस्तुलाचे काडतूस उडवणारे खांद्यावरचे हत्यार मराठी सैनिकांच्या हाती आले ते थॉम्सन या स्वयंचलित बंदुकीच्या रूपाने. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, पाचव्या मराठा रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे यांचे सर्व साथीदार पडले. ते एकटेच शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले. बाँब टाकून त्यांनी ती निकामी केली, एकाला गोळीने टिपले. पण मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले. थोड्याच वेळात शत्रूच्या गोळ्यांनी ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बंदूक बिघडली नव्हती. पुढच्या काडतुसांपर्यंत पोहोचायला जे चार क्षण लागतात, ते मिळाले नाहीत.

वर्गात एक प्रयोग करता येईल. वीस चिठ्ठ्या घ्या, एकीवर ‘अडले’ असे लिहा. मुलांनी सहा वेळा चिठ्ठी काढून परत टाकावी. सहाही वेळा कोरी चिठ्ठी येण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के. म्हणजे चाळीस मुलांत दहाएक जणांची ‘बंदूक’ अडेल. मग शेणोलीची गोष्ट पुन्हा सांगावी. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातला दक्षिणेकडचा भाग १९४९ साली वेगळा झाला आणि १९६० पासून सांगली म्हणून ओळखला जातो. त्या साऱ्या मुलखात १९४६ पर्यंत चाललेल्या प्रतिसरकारचा काडतुसाचा कारखाना नव्हता. जेवण पोचवणारी, निरोप नेणारी, घरात लपवणारी माणसे हाच त्यांचा पुरवठा होता, आणि ती कडी सरकारला तोडता आली नाही. ‘चांगल्या रायफली असत्या तर’ या प्रश्नाला मुले आता स्वत:च उत्तर शोधतील.